तुझ्या शाळूची रास

भानू, काल तुझा शाळू घरात आला. हस्ताच्या ओलीवर पेरताना तू पाभर धरलीस आणि मागून सिंधूनं चाड्यात मूठ सोडली, तोच. तू गेल्यावर पाऊस पुन्हा फिरकला नाही, त्यामुळं पीक बेताचंच आहे. ताटं कमरेच्या वर गेली नाहीत. पण दाणा चांगला भरलाय. तू असतास तर एक दाणा दाताखाली फोडून "चालंल" म्हणाला असतास. तुझं कौतुक तेवढंच असायचं. सिंधूला बघून आलास तेव्हाही उंबऱ्यात चपला काढता काढता तू तेवढंच म्हणाला होतास, आणि आई पदर तोंडाला लावून हसत सुटली होती. हे मी सिंधूला अजून सांगितलेलं नाही. ती हसायला लागली की सांगेन.

शाळू घरात आला खरा, पण सुखासुखी आला नाही. तेच तुला सांगायला बसले आहे.

त्याआधी एक ऐकून ठेव. मेल्यापासून तू फार गुणी झाला आहेस. ज्या मास्तरांनी तुला कान धरून वर्गाबाहेर काढलं, त्यांना आता तुझ्या डोळ्यांत लहानपणापासून तेज दिसत होतं. ज्यांच्या बांधावरची बोरं तू झोडपून खाल्लीस ते सांगतात, पोरगं कधी कुणाच्या काडीला शिवलं नाही. मी ऐकून घेते. मनातल्या मनात तुझी सगळी पापं आठवत बसते, कारण त्यांच्या गुणी भानुदासाशी माझी ओळखच नाही.

शाळेच्या पटांगणात तुझी शोकसभा झाली. पाथर्डीहून जीपमधून पुढारी आले. पटांगण मीच पोरांकडून झाडून घेतलं होतं. आईला पहिल्या रांगेत खुर्चीवर बसवलं. तिला खुर्चीची सवय नाही, ती काठावर अंग चोरून बसली होती. एक जण उठला आणि म्हणाला की तू हसत हसत मरणाला मिठी मारलीस, आणि या माउलीनं आनंदानं आपला पुत्र देशाच्या पदरात घातला. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला काय जातंय? मी आईकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती, आणि पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होती.

मी उभी राहिले. म्हणाले, "साहेब, तो हसत हसत गेला नाही. त्याला शाळू काढायला घरी यायचं होतं. तसं सांगून गेला होता."

कुणीतरी "भारतमाता की जय" म्हटलं आणि वेळ निभावली. नंतर हेडमास्तरांनी मला बाजूला घेतलं. "बाई, तुम्ही सरकारी नोकर आहात, जरा जपून बोलत चला." मी म्हटलं, "सर, तोही सरकारी नोकरच होता." त्यानंतर ते माझ्याशी जपून बोलतात.

सिंधू माझ्यापेक्षा खमकी निघाली. तार आली त्या दिवशी दुपारी भावकीतल्या बाया जमल्या. बांगड्या फोडायला एकीनं दगडसुद्धा आणला होता. सिंधू म्हणाली, "हात लावू नगा." मग तिनं एकेक बांगडी स्वतः काढली, फडक्यात गुंडाळली आणि तुझ्या जुन्या पेटीत ठेवून दिली. "त्यांनी जत्रंत भरल्यात. फोडायला न्हाई भरल्या." दगड आणणारी तो दगड हातात घेऊन बराच वेळ तशीच उभी होती. शेवटी ठेवला चुलीजवळ. अजून तिथंच आहे, आम्ही त्यावर मिरच्या ठेचतो.

तुझ्या पलटणीतला गोरख येऊन गेला. जामखेडचा, तुझ्या तोंडून ज्याचं नाव ऐकून ऐकून आम्हाला तो पाठ झाला होता. रजेवर आलेला, घरी एक रात्र काढून तडक आपल्याकडे आला. त्यानं सांगितलं की तुला तिकडंच, सरहद्दीपलीकडं, अग्नी दिला, नदीच्या काठाला. भाताची कापणी झालेल्या रानातून तुम्ही पुढं सरकत होता आणि समोरच्या बंधाऱ्यावरून गोळ्या आल्या. "लगीच गेला, आक्का. त्याला कायबी कळलं न्हाई." मी पोरं शिकवते, भानू. खोटं बोलताना माणूस कुठं बघतो हे मला ठाऊक आहे. गोरख चुलीकडे बघत होता. मी पुढं विचारलं नाही, पण आईसाठी नव्हे, त्याच्यासाठी. तो पोरगाही तुझ्याच वयाचा, आणि भाकरीचा घास त्याच्या हातात तसाच राहिला होता.

आबांनी मात्र त्याला भलतंच विचारलं. "तिकडं जमीन कशी हाय?"

"गाळाची हाय, आबा. पानीच पानी."

"पानी आसल्यावर काय," आबा म्हणाले, "कुनीबी पिकवील."

एवढं बोलून ते उठून गोठ्यात गेले आणि बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. बाप गेल्यावर या चुलत्यानं आपल्याला वाढवलं. त्यांना रडताना तू कधी पाहिलं नाहीस. मीही पाहिलं नाही, कारण ते पाठ करून उभे होते.

जाताना गोरखनं आणखी एक गोष्ट सांगितली. तिकडच्या एका गावात तुम्ही दुपारभर थांबला होता. एका अंगणात बाया बैल फिरवून भात मळत होत्या. तू बघतच राहिलास म्हणे. आणि म्हणालास, "आमच्या आक्काला हे दाखवाय पायजे. ती आबाला जगू द्यायची न्हाई." गोरख हे सांगताना हसला, मग आपण हसलो याचीच त्याला लाज वाटली. सिंधू दारामागं उभी होती. तिनं ते ऐकलं, आणि तिथूनच सगळं सुरू झालं.

आपल्या भावकीची रीत तुला सांगायला नको, पण लिहून ठेवते. शाळू उपटायचा बायांनी. कणसं मोडायची बायांनी. खळं शेणानं सारवायचं तेही बायांनी. पण एकदा मळणी सुरू झाली की धान्याची रास लागून तिचं माप होईस्तोवर बाईनं खळ्यात पाय ठेवायचा नाही, आणि विधवेनं तर सावलीही पडू द्यायची नाही. राशीची बरकत जाते. बाप गेल्यापासून आई दरवर्षी बांधाच्या अलीकडं उभी राहायची, आठवतं? आपण खळ्यात उड्या मारायचो आणि ती लांबून ओरडायची. ती आत का येत नाही हे आपण कधी विचारलंही नाही.

या रीतीच्या आड आणखी एक गोष्ट आहे, ती कुणी बोलून दाखवत नाही. राशीवर ज्याला उभं राहता येतं तो घरचा. बाकीचे खाणारे. सिंधूचे वडील दोनदा येऊन गेले. चांगला माणूस आहे. पोरीचं वय काय, तिनं इथं बसून काय करायचं, खळं झालं की घेऊन जातो, असं आबांशी बोलून गेले. आबांनीही मान हलवली. सिंधूला कुणी विचारलं नाही. तिच्या मनात काय आहे हे विचारायचं मलाही धाडस होईना, कारण ती "जाते" म्हणाली असती तर मला तिला अडवायचा काय हक्क होता?

कणसं मोडून झाली त्या संध्याकाळी आबा म्हणाले, "पोरीला उंद्यापास्नं खळ्याकडं येऊ देऊ नगा."

सिंधू भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "मी राशीवर उभी ऱ्हानार. मूठ माझी हाय ती. आन मी म्हायेराला जायची न्हाई."

आबा कुणाच्या सुनेशी सरळ बोलत नाहीत, ते माझ्याकडे बघून म्हणाले, "हिला सांग, रीत हाय."

"आबा," मी म्हटलं, "खळं कुणी सारवलं?"

"सारवायला चालतं."

"कणसं कुणी मोडली?"

"ते येगळं."

"आणि पेरलं कुणी?"

"मला शाळंत बसवू नगंस, आक्के," ते म्हणाले. मग त्यांचा आवाज खाली आला. "ह्या घरातला तुझा बाप गेला. भानू गेला. आता काय जायचं ऱ्हायलंय? मला भ्या वाटतं, रीत मोडाय."

"रीत पाळूनच गेले की दोघं."

हे माझ्या तोंडून निघालं आणि घरात भाकरी थापायचा आवाजही थांबला. आबा उठून बाहेर गेले. मला वाईट वाटलं, पण शब्द मागं घ्यावा असं वाटलं नाही, अजूनही वाटत नाही. तुझी बहीण आहे मी. आपल्या दोघांना एकच खोड आहे, शेवटचा शब्द आपला पाहिजे.

आणि तोच तर तू घेऊन गेलास.

फाट्यावर एसटीची वाट बघत उभे होतो. रजा अर्धी राहिली होती तरी बोलावणं आलं होतं. मी सकाळपासून तुझ्यावर तोंड टाकत होते. म्हटलं, भांडण त्यांचं, जमीन त्यांची, तू कशाला मधे? आपली चार एकर कोरडवाहू आधी बघ. तू ट्रंकेवर बसून शेंगा फोडत होतास. म्हणालास, "जिमीन कुनाचीबी आसू दे. तिथली मानसं मी बघितल्यात, आक्का. लेकरं खांद्यावर घिऊन आपल्या हद्दीत पळत आल्यात. म्हातारी मानसं पाटीत बसवून आनल्यात."

"म्हणून तू मरायचं?"

"मरायचं कोन म्हनतंय? शाळू काढायला येतो की."

"मला ते पटत नाही."

तेवढ्यात एसटी आली. तू ट्रंक टपावर चढवलीस, पायरीवर पाय ठेवलास आणि वळून म्हणालास, "तूबी आलीस की एक दिवस पळून. दार कुनी उघडलं, ते आठव."

कंडक्टरनं घंटा मारली. माझं उत्तर तोंडातच राहिलं.

मला आठवायची गरज नव्हती रे. मी ते विसरलेच कधी होते? सासर सोडून आले त्या दिवशी, ट्रंक डोक्यावर, पाठीवर वळ. आबा दारात आडवे उभे. "दिल्या घरची पायरी सोडू ने, आक्के. उंद्या मी सोडाय येतो." आई त्यांच्यामागं, तिला बोलायची चोरी. आणि तू शाळेतून आलास, मिसरूडही फुटलं नव्हतं, आबांच्या काखेखालून बाहेर आलास, माझ्या डोक्यावरची ट्रंक उतरवून घेतलीस आणि सरळ आत नेऊन कणगीशेजारी ठेवलीस. आईला म्हणालास, "आक्काला भूक लागली आसंल." बस. ना भांडण, ना भाषण. आबा दारातून बाजूला झाले, कारण ट्रंक आत आणि माणूस बाहेर असं कसं चालेल? त्या ट्रंकेनं मला आत घेतलं. पुढं मी शिकले, मास्तरीण झाले, आज गावातली पोरं मला घाबरतात. त्याच्या मुळाशी तुझे ते दोन शेंबडे हात आहेत.

म्हणून तर राग येतो, भानू. असली दारं उघडायला तू इथं पाहिजे होतास.

काल दुपारी वारं सुटलं. गड्यांनी उपणून घेतलं, भुसा उडाला आणि खळ्याच्या मधोमध तुझ्या शाळूची रास लागली. मोठी नाही, पण नीट टोकदार. आबांनी भोवती राखेची रेघ ओढली, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. सगळे गप्प होते, राशीपाशी बोलत नाहीत. मग आबा मापाची पायली घ्यायला वाकले.

सिंधू बांधावर उभी होती. मी तिच्याशेजारी. आदल्या रात्री मी तिला म्हटलं होतं, तू पाऊल टाक, मी बरोबर आहे, कोण काय करतं बघू. पण खरं सांगते, तिनं चपला काढल्या आणि राखेच्या रेघेकडे बघत तिथंच उभी राहिली. गडी आमच्याकडे बघत होते. आबा पायली हातात धरून बघत होते. माझी जीभ, जी कधी थांबत नाही, ती नेमकी तेव्हा टाळूला चिकटली.

आणि आमच्या दोघींच्या मधून आई पुढं झाली.

आपली आई, भानू. आबांसमोर जिचा पदर कधी कपाळाच्या वर सरकला नाही ती. जन्मात जी त्यांच्याशी सरळ एक वाक्य बोलली नाही ती. तिनं सिंधूचं मनगट धरलं, राखेची रेघ ओलांडली आणि राशीपाशी जाऊन उभी राहिली. आबांच्या हातातून पायली घेतली. घेतली म्हणजे काढूनच घेतली. सिंधूच्या हातात दिली.

"भावजी," ती म्हणाली, "लई वर्सं म्या बांधावर हुबी ऱ्हायले. काय ऱ्हायलं बरकतीचं? ही न्हाई ऱ्हानार."

आबांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. ते खळ्यातून बाहेर गेले आणि लिंबाखाली आमच्याकडे पाठ करून बसले. गड्यांना काय करावं सुचेना, तेही बाजूला झाले. मग पोत्याचं तोंड मी धरलं. सिंधू वाकली, दोन्ही हातांनी पायली भरली, वरून हात फिरवला आणि पोत्यात ओतली.

"लाभ," ती म्हणाली.

पहिल्या मापाला आपल्यात एक म्हणत नाहीत. आजवर हा शब्द खळ्यावर गड्याच्याच आवाजात ऐकला होता. सिंधूचा आवाज बारीक, पण लांब गेला.

तिनं दुसरी पायली भरली. ओतली. आणि तिला आकडा बोलता येईना. ओठ हलत होते, आवाज नव्हता. आई राशीकडे बघत उभी. मी बोलणार होते, पण माप मोजणारा एकच असतो, मधे दुसऱ्यानं बोलायचं नसतं. रिकामी पायली सिंधूच्या हातात तशीच राहिली. मला वाटलं, संपलं. आता ती पायली खाली ठेवणार आणि उद्या बापाबरोबर जाणार.

तेव्हा लिंबाखालून आवाज आला. पाठ आमच्याकडेच.

"दोन."

सिंधूनं पायली भरली. ओतली.

"तीन," आबा म्हणाले.

शेवटपर्यंत तसंच. ती मापत होती आणि ते न बघता, पोत्यात दाणा पडल्याच्या आवाजावर मोजत होते. एकदाही चुकले नाहीत, एकदाही वळले नाहीत. रास संपल्यावर उठले, खळ्यात आले, पोतं पाठीवर घ्यायला वाकले आणि सिंधूला म्हणाले, सरळ तिलाच, "बियाचं येगळं काढलंस का?"

"काढलं," ती म्हणाली.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हाच द्यायचं होतं, एसटी सुटायच्या आधी. तूच उघडलंस दार, मान्य आहे, हजारदा मान्य आहे. पण लढाईचं मला अजूनही पटलेलं नाही आणि पटणारही नाही. तिकडची ती माणसं परत आपापल्या घरी गेली असतील, त्यांच्या अंगणात भाताच्या राशी लागल्या असतील, त्याचा मला आनंद आहे. खरंच आहे. पण त्यासाठी तूच का, हे मी विचारत राहणार. सभेत विचारीन, शाळेत विचारीन, आणि वर भेटलास तर पहिलं तेच विचारीन. तू निघून गेलास म्हणून भांडण मिटलं असं समजू नकोस.

बियाण्याचं गाठोडं कणगीशेजारी ठेवलंय, जिथं तू माझी ट्रंक ठेवली होतीस. पुढच्या हस्ताला सिंधू मूठ धरणार. पाभर कोण धरणार, असं आबांनी आज सकाळी विचारलं. मी म्हटलं, मी. त्यांनी कपाळाला हात लावला, पण नाही म्हणाले नाहीत. मला पाभर धरता येत नाही हे तुला माहीत आहे. ओळी वाकड्यातिकड्या जातील, बैल माझं ऐकणार नाहीत, अख्खा गाव बांधावर बसून बघेल. बघू दे. तू मात्र हसू नकोस. एकदा रानावरून नजर फिरव आणि "चालंल" म्हण.